नात्याचे चिंतामणराव देशमुख आणि सामान्य गृहस्थाचे घर

महाडहून रायगडाकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत नाते हे गाव लागते. गडाच्या पायथ्याकडे निघालेले प्रवासी येथे बहुधा थांबत नाहीत. परंतु आपल्या ज्ञातीतील कुटुंबांना हे नाव परके नाही. याच नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री, संस्कृतचे व्यासंगी पंडित आणि महाराष्ट्रासाठी मंत्रिपदावर पाणी सोडणारे स्वाभिमानी पुरुष म्हणून त्यांचे चरित्र अनेकवार सांगितले गेले आहे. यंदाच्या स्मरणिकेत त्याच चरित्राचा एक काहीसा दुर्लक्षित पैलू वाचकांपुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे. मध्यम व अल्प प्राप्तीच्या गृहस्थाला स्वतःचे घर बांधता यावे म्हणून सरकारने त्याला कर्ज व साह्य द्यावे, ही गोष्ट देशात प्रथम व्यापक प्रमाणावर घडली ती चिंतामणरावांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात. आज आपल्या ज्ञातीत घर घ्यावयास निघालेले असे एकही कुटुंब नसेल की ज्याच्यापुढे कर्ज, सवलत आणि जाहिरात यांचा ढीग पडलेला नाही. अशा वेळी या विषयाचा आरंभ कसा झाला व त्यात कोणते तारतम्य होते, हे जाणून घेणे उपयोगाचे ठरेल.

चिंतामणरावांचे वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते. मातोश्रींचे नाव भागीरथीबाई. घराणे वतनदारीच्या परंपरेतले, परंतु वैभवापेक्षा विद्येकडे ओढा असलेले. त्या काळचा कुलाबा जिल्हा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड जिल्हा, हा भाताचा आणि पावसाचा मुलूख. महाडच्या बाजूला वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथील जुने घर या पावसाचा विचार करूनच बांधलेले असे. काळ्या दगडाचे उंच जोते, त्यावर ओटी व पडवी, आत माजघर व देवघर, मागे स्वयंपाकघर आणि परसदार, वर धान्य साठविण्यास माळा आणि सर्वांवर चांगले उतरते छप्पर. पाणी छपरावर ठरू नये, जोत्यापर्यंत चढू नये आणि भिंतीवर झडप येऊ नये, ही त्या रचनेतील साधी पण पक्की दृष्टी. ओटीवर पाहुणा बसे, पडवीत कुळे व गडीमाणसे येत, माजघर बायकामुलांचे असे. घरात किती माणसे राहतात, कोणती कामे चालतात व कोणत्या ऋतूत काय हवे, यावरून घराचा आकार ठरत असे. अशा घरांच्या मुलखात चिंतामणरावांचे बालपण गेले.

१९१२ साली ते मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे विलायतेस जाऊन केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानांचा अभ्यास केला. वनस्पतिशास्त्र, रसायन व भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय. १९१७ साली पदवी घेताना वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळाले. झाडापेडांविषयीचे हे प्रेम त्यांनी जन्मभर जतन केले. १९१८ मध्ये लंडन येथे झालेल्या आय. सी. एस. परीक्षेत ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. त्यानंतर मध्यप्रांत व वऱ्हाड येथे सुमारे वीस वर्षे त्यांनी शासकीय सेवा केली. जमीन महसूल, प्रांताचा जमाखर्च, गावोगावच्या रयतेची स्थिती यांचे ज्ञान त्यांना पुस्तकातून झाले नाही; ते या नोकरीत, फिरतीवर व कचेरीत झाले. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळीही चिटणिसांच्या कामात त्यांचा सहभाग होता.

याच काळात महाड-पोलादपूरची, रोहे-माणगावची शेकडो माणसे पोटासाठी मुंबईकडे निघाली होती. गावी भाताची शेती चार महिन्यांची. उरलेल्या वर्षाचा प्रपंच गिरणीच्या, गोदीच्या किंवा कचेरीच्या पगारावर चाले. मुंबईत त्यांना मिळे ती चाळीतील एक खोली. मुंबई सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतरच्या वर्षांत वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तीतच चूल, तीतच अंथरूण, संडास मात्र मजल्यावर सामाईक. गावी ओटी-पडवीचे घर आणि मुंबईत एक खोली, अशा दोन घरांत कोकणातील माणसाचे आयुष्य विभागले गेले. खोली भाड्याची असल्याने ती त्याची नव्हती. गावचे घर त्याचे होते, पण तेथे राहून पोट भरत नव्हते. स्वतःच्या मालकीचे आणि उपजीविकेच्या जवळचे घर, ही गरज या परिस्थितीतून उत्पन्न झाली. आपल्या ज्ञातीतील कारकून, शिक्षक व वकील मंडळींचीही स्थिती यापेक्षा फार निराळी नव्हती. खोल्या एकीच्या दोन झाल्या, एवढाच काय तो फरक.

१९३९ साली चिंतामणराव रिझर्व्ह बँकेच्या कामाशी संबद्ध झाले. डिसेंबर १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते गव्हर्नर झाले. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. महायुद्धाचा तो काळ महागाईचा व टंचाईचा होता. १९४४ साली अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे भरलेल्या जागतिक अर्थपरिषदेस हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात ते उपस्थित होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक या संस्थांचा पाया त्या परिषदेत घातला गेला. पुढे १९५० साली पॅरिस येथे या दोन्ही संस्थांच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्षस्थानही त्यांना लाभले. फाळणीच्या वेळी चलन व बँकेची मालमत्ता यांची वाटणी आणि १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण, ही दोन्ही अवघड कार्ये त्यांच्याच कारकीर्दीत पार पडली.

घरांच्या बाबतीत मुंबईत याच सुमारास एक मोठा फेर झाला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूस आधार मिळाला, परंतु भाड्याचे उत्पन्न गोठल्यामुळे भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधण्यात धनिकांना स्वारस्य उरले नाही. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले. घरे कमी, माणसे फार, अशी अवस्था झाली. सामान्य माणसाला आता दोनच मार्ग उरले. सरकारने घरे बांधावी, अथवा त्याने स्वतः किंवा सहकारी संस्थेच्या द्वारे घर बांधावे. दुसऱ्या मार्गासाठी भांडवल पाहिजे होते आणि ते देणारी संस्था देशात जवळजवळ नव्हती. सावकार दागिने व जमीन पाहून कर्ज देई, तेही अल्प मुदतीने आणि जबर व्याजाने. पगारदाराच्या महिन्याच्या मिळकतीवर विसंबून तीस-तीस वर्षांचे कर्ज देणे, ही कल्पना त्या वेळच्या बँकांना मानवणारी नव्हती.

या स्थितीत १९५० साली चिंतामणराव प्रथम नियोजन आयोगाचे सदस्य आणि नंतर त्याच वर्षी भारताचे अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते आपल्या कुलाबा मतदारसंघातूनच लोकसभेवर निवडून गेले. महाड-पोलादपूरचा मुलूख अशा रीतीने दिल्लीच्या अर्थखात्याशी जोडला गेला. त्यांच्या कारकीर्दीत पहिली पंचवार्षिक योजना आखली गेली व पार पडली. तीत मध्यवर्ती सरकारने घरबांधणीसाठी ३८.५ कोटी रुपयांची तरतूद केली. शेती, धरणे व रेल्वे यांपुढे ही रक्कम लहान दिसेल. परंतु नागरिकाचे घर ही शासनाच्या अंदाजपत्रकातील बाब आहे, ही गोष्ट तिने मान्य केली.

घरबांधणीचे खाते त्या वेळी सरदार स्वर्णसिंग यांच्याकडे होते आणि पैशाची जुळवणी अर्थखात्याकडे. सप्टेंबर १९५२ मध्ये औद्योगिक कामगारांसाठी साह्य असलेली गृहयोजना सुरू झाली. तीत राज्य सरकारांना खर्चाचा काही भाग अनुदान व काही भाग कर्ज म्हणून मिळे. कामगारांच्या सहकारी संस्थांना आणि कारखानदारांनाही अनुदान व कर्जाचे प्रमाण ठरवून दिलेले होते. मुंबई राज्यात १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाला या योजनांचा मोठा आधार मिळाला.

खरा महत्त्वाचा टप्पा मात्र नोव्हेंबर १९५४ चा. त्या महिन्यात अल्प प्राप्ती गटाची गृहयोजना सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत प्राप्ती असणाऱ्या माणसाला घर बांधण्यासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज माफक व्याजाने मिळू लागले. जमिनीसह घराच्या अंदाजित खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत, परंतु कोणत्याही परिस्थितीत ८,००० रुपयांपेक्षा अधिक नाही, अशी कर्जाची मर्यादा होती. वाचकांनी या आकड्यांकडे थोडे लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. दहा हजारांचे घर बांधावयाचे, तर दोन हजार रुपये गृहस्थाने आधी स्वतः शिल्लक टाकलेले असले पाहिजेत. सहा हजार प्राप्तीच्या माणसाला आठ हजारांचे कर्ज म्हणजे सोळा महिन्यांच्या प्राप्तीइतके. तीन हजार प्राप्तीचा माणूस घेतला तरी त्याच्यावर तीन वर्षांच्या प्राप्तीहून अधिक बोजा पडत नाही. मोठे घर बांधण्याचा मोह होऊ नये, अशी व्यवस्था मर्यादेतच केलेली होती. सरकार हात देत होते, पण गृहस्थाने आधी स्वतःच्या पायांवर उभे राहावे अशी अपेक्षा ठेवीत होते.

घराच्या रचनेकडेही त्या वर्षांत शास्त्रीय दृष्टीने पाहिले जाऊ लागले. १९५४ च्या आरंभी नवी दिल्ली येथे अल्प खर्चाच्या घरांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले आणि त्याच वर्षी स्वस्त व टिकाऊ बांधकामाचा अभ्यास करण्यासाठी राष्ट्रीय इमारत संघटना स्थापन झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीचे कार्य १९५० मध्ये सुरू झाले होते. तिच्या १९५३-५४ च्या सातव्या फेरीत देशातील लोक कशा घरांत राहतात याची प्रथमच मोजदाद झाली. या पाहणीच्या कामाशी निकट संबंध असलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे चिंतामणराव १९४५ पासून अध्यक्ष होते. खर्च करण्यापूर्वी मोजणी करावी, हा त्यांचा स्वभाव होता आणि येथे तोच शासनाची रीत बनला.

मुंबईकर वाचकांना या योजनांच्या खुणा आजही दिसतात. वांद्रे पूर्वेस एलआयजी आणि एमआयजी या नावांच्या वसाहती आहेत. ती नावे कोणा व्यक्तीची अथवा देवतेची नव्हेत. अल्प प्राप्ती गट व मध्यम प्राप्ती गट या सरकारी शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांचीच ती झाली. एमआयजी मैदानावर क्रिकेट पाहणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे. त्या काळच्या मंडळाच्या वसाहती बहुधा तीन-चार मजल्यांच्या, मधे मोकळी जागा राखलेल्या आणि प्रत्येक कुटुंबाला स्वतःचे स्वयंपाकघर व न्हाणी देणाऱ्या होत्या. चाळीतील सामाईक नळावर पहाटे रांग लावणाऱ्या गृहिणीच्या दृष्टीने हा बदल केवढा होता, हे आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्या स्त्रियांना सांगावे लागणार नाही.

मध्यम प्राप्ती गटाची योजना १९५९ साली आली, तेव्हा चिंतामणराव मंत्रिमंडळात नव्हते. तरीही तिचे मूळ त्यांच्याच एका धाडसी कृत्यात आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेत असल्याचे त्यांनी रात्री आकाशवाणीवरून जाहीर केले. तोपर्यंत ही वार्ता अत्यंत गुप्त राखली गेली होती. देशी-परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट संस्था मिळून २४५ संस्थांचा कारभार एकत्र आला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. कित्येक खासगी कंपन्यांत विमेदारांच्या पैशाचा गैरवापर होत होता. तो पैसा सुरक्षित करून राष्ट्राच्या उभारणीस लावावा, हा यातील हेतू. विम्याचा पैसा दीर्घ मुदतीचा असतो आणि घराचे कर्जही दीर्घ मुदतीचे. म्हणून १९५९ च्या योजनेसाठी राज्यांना भांडवल मिळाले ते याच महामंडळाकडून. पुढे महामंडळाने विमेदारांना घरासाठी कर्जे दिली आणि १९८९ साली त्यासाठी स्वतंत्र गृहवित्त कंपनीच स्थापिली. तत्पूर्वी १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तीही चिंतामणरावांच्याच कारकीर्दीत. आज लक्षावधी कुटुंबे याच दोन संस्थांच्या कर्जातून घर घेतात. कर्जाच्या कागदावर सही करताना नात्याच्या या सुपुत्राची आठवण कोणाला होत नसेल, परंतु त्या कागदामागील व्यवस्थेत त्यांच्या हाताचा स्पर्श आहे.

आता ज्या प्रसंगाने त्यांचे नाव महाराष्ट्राच्या हृदयात कोरले गेले, त्याकडे वळू. राज्य पुनर्रचनेच्या वेळी जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे काढून केंद्राच्या अमलाखाली ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईत लोकक्षोभ उसळला, गोळीबार झाला, माणसे मेली. महत्त्वाचा निर्णय मंत्रिमंडळात यथायोग्य विचार न होता घेतला गेला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे चिंतामणरावांना मान्य झाले नाही. त्यांनी राजीनामा सादर केला आणि जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिपदावरून मोकळे झाले. ज्या कोकणी माणसाने मुंबईच्या चाळीत आयुष्य काढले, त्याचे तेथील घर परक्या राज्यात पडू पाहत होते. त्या माणसाचा प्रतिनिधी म्हणून लोकसभेत बसलेल्या पुरुषाने अर्थमंत्रिपदाची किंमत मोजून त्याची बाजू घेतली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्यासाठी शंभराहून अधिक हुतात्म्यांनी प्राण दिले. त्यांच्या त्यागापुढे कोणाचाही राजीनामा मोठा नाही. परंतु सत्तेच्या शिखरावरून खाली उतरणारा माणूस विरळा, हेही खरे.

मंत्रिपद गेल्यावर त्यांना काम शोधावे लागले नाही. १९५६ ते १९६१ ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते. १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९७५ साली पद्मविभूषण. १९६९ मध्ये त्यांनी राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली, पण त्यांना यश आले नाही. पहिल्या पत्नी रोझिना यांचे १९४९ साली निधन झाल्यावर २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांचा विवाह दुर्गाबाईंशी झाला. दुर्गाबाई या घटना समितीच्या सदस्या, आंध्र महिला सभेच्या संस्थापिका आणि केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा. हा संसार म्हणजे दोन समर्थ कार्यकर्त्यांची जोडी होती.

वास्तुरचनेच्या दृष्टीने त्यांच्या उत्तरायुष्यातील एक कार्य विशेष सांगण्यासारखे आहे. दिल्लीत लोदी उद्यानाच्या कडेला इंडिया इंटरनॅशनल सेंटर ही संस्था उभी राहिली, तिचे ते संस्थापक अध्यक्ष. ३० नोव्हेंबर १९६० रोजी तिची कोनशिला बसविली गेली आणि २२ जानेवारी १९६२ रोजी तिचे उद्घाटन झाले. तिचे वास्तुशिल्पी जोसेफ अॅलन स्टाइन यांनी इमारत उंच नेली नाही. दगडी भिंती, ऊन अडविणाऱ्या जाळ्या, मोकळी अंगणे, पाण्याचा लहानसा साठा आणि सभोवती झाडे, अशी ती रचना आहे. दिल्लीच्या उन्हाळ्यात वारा खेळावा आणि उद्यान जणू आत यावे, असा त्यात विचार दिसतो. वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविलेल्या अध्यक्षाला हे वातावरण रुचले नसते तरच नवल. हवामान पाहून बांधणे ही गोष्ट नात्याच्या कौलारू घरातही होती आणि दिल्लीच्या या आधुनिक वास्तूतही आहे. साहित्य व काळ बदलला तरी नियम तोच राहिला.

हा नियम विसरल्यास काय होते, हे आपल्याच मुलखाने अलीकडे पाहिले. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात दहा वर्षेही न झालेली पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे दगावली. त्यानंतर वर्षाच्या आत, २२ जुलै २०२१ रोजी, महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले आणि तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसांचा अंत झाला. कोकणात गावोगाव जुनी कौलारू घरे पाडून सपाट स्लॅबचे बंगले उभे राहत आहेत. सोयी वाढाव्यात, न्हाणीघर व संडास घरात यावेत, वृद्धांना जिना चढावा लागू नये, हे सर्व योग्यच आहे. परंतु सपाट स्लॅब गळू लागला म्हणजे त्यावर पुन्हा पत्र्याचे उतरते छप्पर चढवावे लागते, हे दृश्य कोणत्याही गावी दिसेल. मग प्रथमच उतरते छप्पर का नको? जोते का कमी करावे? उताराची जागा, ओढ्याची जागा, दरडीखालची जागा घरासाठी का घ्यावी? दिवाणखान्यातील सजावटीपेक्षा हे प्रश्न आधीचे आहेत.

शहरातील घराचीही तीच गोष्ट. आज खरेदीदारापुढे अनेक सवलती आहेत आणि त्यांतील काही खरोखर हिताच्या आहेत. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या शहरी टप्प्यात, वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबाने ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी २५ लाखांपर्यंत कर्ज घेतल्यास पहिल्या ८ लाखांच्या व्याजावर ४ टक्के साह्य, एकूण १.८० लाखांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत ठेवलेले आहे. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. घरात लेकीसुनांचे नाव लागावे, याला ही सूट उत्तम निमित्त आहे. आमच्या मते निमित्त नसतानाही ते लागावे. स्थावर संपदा कायद्याचा अंमल १ मे २०१७ पासून पूर्णत्वाने सुरू झाल्यामुळे नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि घराचे क्षेत्र चटई क्षेत्राने सांगावे लागते.

परंतु विक्रेत्याने देऊ केलेले आमिष आणि शासनाने दिलेले साह्य यांत भेद आहे. ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही, ही जाहिरात आकर्षक वाटते. तीत बांधकाम होण्यापूर्वीच कर्जाची बहुतेक रक्कम उचलली जाते आणि काम अडले तर कर्ज मात्र खरेदीदाराच्या डोक्यावर राहते. ज्या बँकेचे चिंतामणराव गव्हर्नर होते, त्या रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांनुसारच देण्यास बजावले आणि जुलै २०१९ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेनेही गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहण्यास सांगितले. सोन्याचे नाणे, तयार स्वयंपाकघर, फुकट मोटार ठेवण्याची जागा, या सर्वांची किंमत बहुधा घराच्या किमतीतच मिसळलेली असते.

म्हणून १९५४ च्या योजनेतील तीन प्रश्न आपल्या ज्ञातीतील प्रत्येक तरुण दांपत्याने घर घेण्यापूर्वी स्वतःस विचारावे, असे आम्ही सुचवितो. किमतीचा पाचवा हिस्सा आपल्या बचतीतून आहे काय? कर्ज आपल्या किती वर्षांच्या प्राप्तीइतके होते? आणि सवलत नसती तरी हे घर आपण घेतले असते काय? आजच्या किमतींत सोळा महिन्यांच्या प्राप्तीत घर येणार नाही, हे आम्ही जाणतो. वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या जागी पुनर्विकासातील पहिली ५५६ घरे ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांच्या हाती आली, तेव्हा शंभर वर्षे एका खोलीत काढलेल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचे घर मिळाले. ज्यांना असा योग नाही, त्यांना कर्ज काढावेच लागेल. पण प्रमाण मोठे झाले तरी मोजण्याची शिस्त सोडण्याचे कारण नाही. हप्त्यापायी मुलांचे शिक्षण अडले आणि आईवडिलांच्या औषधात काटकसर करावी लागली, तर त्या घराला घर कसे म्हणावे?

दुर्गाबाईंचे निधन मे १९८१ मध्ये झाले आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांनी देह ठेवला. अखेरपर्यंत त्यांना संस्कृताची आणि बागेची सोबत होती. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले होते आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली होती. रोह्याच्या महाविद्यालयास त्यांचे नाव आहे, ठाणे महानगरपालिकेच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेस आहे, आणि दिल्लीच्या त्या केंद्रातील सभागृहासही आहे. रिझर्व्ह बँकेने १९८४ पासून त्यांच्या स्मरणार्थ व्याख्यानमाला सुरू केली. हे सन्मान योग्यच आहेत. परंतु संस्थेस नाव देणे सोपे आणि त्या नावामागील शिस्त घरात आणणे कठीण असते.

आपल्या ज्ञातिसंस्थेने यापुढे विद्यार्थ्यांच्या साह्याबरोबरच घर घेणाऱ्या सभासदांसाठी सल्ल्याची सोय करावी, अशी आमची नम्र सूचना आहे. ज्ञातीत वकील आहेत, अभियंते आहेत, बँकांतून निवृत्त झालेले अनुभवी गृहस्थ आहेत. महिन्यातून एक रविवार त्यांनी दिला, तर करार वाचून दाखविणे, हप्त्यांचा हिशेब मांडून देणे, गावी बांधणाऱ्यास जागेची व छपराची योग्य सूचना देणे ही कामे विनामूल्य होऊ शकतील. यास निधीची गरज नाही, केवळ इच्छेची आहे. नात्यासारख्या लहान गावातून निघून राष्ट्राचा जमाखर्च सांभाळणाऱ्या या पुरुषाचे स्मरण अशा कार्याने केल्यास ते अधिक सार्थ होईल. सभासद बंधुभगिनींनी या सूचनेचा आगामी सर्वसाधारण सभेत विचार करावा, अशी आमची विनंती आहे.